किती तासांत पोहोचलात?

आमच्या घरी पाहुणा दारात आला की पाण्याचा तांब्या यायच्या आत एक प्रश्न येतो. "किती वाजता निघाला होतात?"

पाहुणा म्हणतो, "साडेपाचला." बाबा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, मनातल्या मनात वजाबाकी करतात आणि निकाल देतात. "सव्वातीन तास. बरे आलात." नाहीतर, "चार तास? वाटेत झोपला होतात की काय?"

कोल्हापूर ते पुणे हे अंतर साधारण २३० किलोमीटर. बाबांचा विक्रम तीन तास दहा मिनिटांचा. तो त्यांनी कधी केला, गाडी कोणती होती, पेठनाक्याला चहा प्यायला होता की नाही, हे सगळं आम्हा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ आहे. त्यांच्याकडे एक डायरी आहे. प्रत्येक प्रवासाची त्यात एकच ओळ असते: गाव, निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ. पेट्रोलचा हिशोब नाही, कोण बरोबर होतं ते नाही. फक्त वेळ.

तुमच्याही घरात असे एक बाबा, मामा किंवा भाऊजी असतील. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसले की सुरू होतात. "मी मुंबई पाच तासांत मारली." "आम्ही नागपूर एका दिवसात केलं." मला यात कधीच काही वावगं वाटलं नव्हतं. उलट गंमत वाटायची. गेल्या डिसेंबरात आम्ही बैलकुप्प्याला गेलो आणि तेव्हापासून ती गंमत थोडी कमी झाली. त्याची ही गोष्ट.

लॅपटॉप मांडीवर, आई मागच्या सीटवर

बैलकुप्पे म्हणजे म्हैसूर जिल्ह्यातली तिबेटी लोकांची वसाहत. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांना तेव्हाच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली आणि १९६०च्या सुमारास इथे ही वस्ती उभी राहू लागली. पेनोर रिनपोचे यांनी १९६३ मध्ये स्थापन केलेला नामड्रोलिंग मठ इथेच आहे. त्यातलं सोनेरी मूर्तींचं मंदिर लोक 'गोल्डन टेंपल' म्हणून ओळखतात. आईने त्याचा फोटो कुणाच्या तरी स्टेटसवर पाहिला होता आणि दोन वर्षं ती म्हणत होती, एकदा जाऊ या. बाबांना दुकान सोडता येत नव्हतं. मग मी, दादा आणि आई असे तिघंच निघालो.

कोल्हापूरहून अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास. बेळगाव, हुबळी, दावणगेरे, हासन, कुशालनगर आणि मग कावेरीचा पूल ओलांडला की बैलकुप्पे. आमचा मावसभाऊ मागच्या वर्षी कूर्गला गेला होता. कुशालनगरपर्यंत तो अकरा तासांत पोहोचला, असं त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं. दादाने पहाटे पाचला गाडी सुरू करतानाच सांगितलं, "चारच्या आत कुशालनगर."

मी कंटेंट रायटर आहे. बीए इंग्रजी केलं तेव्हा वाटलं होतं, कथा-कादंबऱ्यांवर लिहीन. प्रत्यक्षात आज वॉटर प्युरिफायर, उद्या केसांचं तेल. त्या आठवड्यात काम आलं होतं ते स्पोर्ट्‌स कारचं. जर्मनीतल्या एका अवघड रेस ट्रॅकवर कुठल्या गाडीने किती वेळात फेरी पूर्ण केली, त्याचा तुलनात्मक तक्ता आणि सोबत लेख. मला गाड्यांचे रंग सोडून काही कळत नाही. दादाला मात्र हे सगळं तोंडपाठ. त्यामुळे मी पुढच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, दादा चालवता चालवता सांगत होता आणि आई मागे स्वेटर पांघरून ऐकत होती.

एकच फेरी, दोन आकडे

त्या ट्रॅकचं नाव न्युर्बुर्गरिंग. त्यातल्या जुन्या, लांब भागाला नॉर्डश्लाइफे म्हणतात. आयफेलच्या डोंगरात, जंगलातून जाणारा हा रस्ता १९२७ मध्ये सुरू झाला. एक फेरी २०.८३२ किलोमीटरची. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटची फेरी पाच किलोमीटरच्या थोडीशी वर आहे, म्हणजे हा त्याच्या चौपट. सत्तरच्या वर वळणं, चढ-उतार जवळजवळ तीनशे मीटरचा. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असंही होतं. शर्यतपटू जॅकी स्टुअर्ट यांनी याला 'हिरवा नरक' म्हटलं आणि ते नाव कायमचं चिकटलं. १९७६ मध्ये निकी लाउडा यांची गाडी इथे पेटली. ते मरता मरता वाचले, पण त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या ट्रॅकवर पुन्हा झाली नाही.

शर्यत नसली तरी गाड्यांच्या कंपन्यांना हा ट्रॅक हवाच असतो. इतक्या तऱ्हेची वळणं एकाच ठिकाणी दुसरीकडे कुठे मिळणार? गाडी एकटीच सोडायची, घड्याळ लावायचं आणि एका फेरीला लागलेला वेळ जाहीर करायचा. हाच लॅप टाइम.

मी भराभर आकडे लिहायला लागले. २०१८ मध्ये लॅम्बोर्गिनी अॅव्हेन्टाडोर एसव्हीजे, ६ मिनिटे ४४.९७ सेकंद. २०२१ मध्ये पोर्शे ९११ जीटी२ आरएस, मांथाय किट लावलेली, ६ मिनिटे ४३.३ सेकंद. मी म्हटलं, "म्हणजे पोर्शे पावणेदोन सेकंदांनी पुढे."

दादा हसला. "फसलीस."

मग त्याने सांगितलं ते ऐकून मी खरंच फसले होते हे कळलं. २०१९ पर्यंत कंपन्या पूर्ण फेरी मोजतच नव्हत्या. सुरुवातीची रेषा एका जागी आणि शेवटची रेषा तिच्या दोन-सव्वादोनशे मीटर अलीकडे, म्हणजे मोजलेलं अंतर २०.६ किलोमीटर. २०१९ पासून ट्रॅकवाल्यांनी नियम केला: पूर्ण २०.८३२ किलोमीटर मोजायचे, समोर नोटरी हवा, तरच तो अधिकृत वेळ. लॅम्बोर्गिनीचा आकडा जुन्या मापाचा, पोर्शेचा नव्या मापाचा. पोर्शेने त्याच फेरीचा जुन्या मापाचा आकडाही दिला होता: ६ मिनिटे ३८.८३५ सेकंद. तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तीच फेरी आणि दोन वेगळे आकडे. एकाच मापाने मोजलं तर दोन गाड्यांमध्ये फरक पडतो सहा सेकंदांचा, पावणेदोनचा नाही.

आणखी एक उदाहरण त्याने दिलं. मर्सिडीज एएमजी वन ही गाडी २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ६ मिनिटे ३५.१८३ सेकंदांत फिरली. त्या दिवशी ट्रॅक काही ठिकाणी ओलसर होता. २०२४च्या सप्टेंबरमध्ये तीच गाडी, तोच ड्रायव्हर मारो एंगेल, परत आले आणि वेळ लागला ६ मिनिटे २९.०९ सेकंद. सहा सेकंद कमी.

"मग गाडीची खरी वेळ कुठली?" मी विचारलं.

"दोन्ही. पण सोबत दिवस सांगायचा, हवा सांगायची, टायर सांगायचे. नुसता आकडा म्हणजे काहीच नाही."

मागून आई म्हणाली, "म्हणजे बारीच की ही!"

आम्ही दोघंही मागे वळलो. म्हणजे मी वळले, दादाने आरशात पाहिलं.

आईचं माहेर खेड तालुक्यातलं. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे बैलगाड्या शेजारी शेजारी धावतात आणि पहिली येईल ती जिंकते. पुण्याच्या त्या भागात तसं नसतं. तिथे घाट असतो, म्हणजे शर्यतीसाठी केलेली चढाची धावपट्टी. एका वेळी एकच गाडा सुटतो, पुढे घोडी पळते आणि घड्याळावर सेकंद मोजतात. त्या एका धावेला बारी म्हणतात. सगळ्यात कमी वेळात घाट मारेल तो 'घाटाचा राजा'. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली, २०२१च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी दिली, तेव्हा मामाने आईला फोन करून रडत सांगितलं होतं.

आई म्हणाली, "आमचे आप्पा सांगायचे, एका घाटाचे सेकंद दुसऱ्या घाटाला लावायचे नाहीत. कुठे चढ जास्त, कुठे माती भुसभुशीत. आणि बारी सुटायच्या आधी घाट मोकळा आहे का बघायचा. पोरंटोरं, म्हातारी माणसं, सगळी बाजूला. घाट मोकळा नसेल तर गाडा जुंपायचाच नाही."

दोन तास दादाने जे समजावलं होतं ते आईने चार वाक्यांत सांगितलं. मी ते टिपून घेतलं. दादा म्हणाला, "भारी, आई." आणि पुढच्या ट्रकला ओव्हरटेक केलं.

अकरा तासांचं गणित

आता मला जे सांगायचं आहे ते थोडं अवघड आहे, कारण दादा हे वाचणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे.

सहाशे किलोमीटर अकरा तासांत म्हणजे थांबे धरून ताशी पंचावन्नची सरासरी. ऐकायला काहीच नाही. पण हासननंतर रस्ता लहान होतो, गावं लागतात, गतिरोधक लागतात. तिथे गेलेला वेळ कुठून तरी काढावा लागतो. एक तर वेग वाढवायचा, नाहीतर थांबे कमी करायचे.

दादाने दोन्ही केलं. हुबळीच्या पुढे नाश्त्याला थांबलो ते वीस मिनिटं. त्यानंतर दावणगेरेला आई म्हणाली, "इथला लोण्याचा डोसा फार छान असतो म्हणे." दादा म्हणाला, "येताना खाऊ." मग ती काही बोलली नाही. बऱ्याच वेळाने माझ्या लक्षात आलं, आईच्या बाटलीतलं पाणी जसंच्या तसं आहे. मी विचारलं, "पाणी का पीत नाहीस?" ती हळूच म्हणाली, "परत थांबावं लागेल ना गं. त्याची वेळ मोडेल."

हे वाचणाऱ्या बायकांना यावर जास्त काही सांगायची गरज नाही. प्रवासात पाणी न पिणं हे आपल्यातल्या कितीजणी करतात! मी स्वतः करते. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला त्याचा राग आला. गाडी चालवणाऱ्याचा विक्रम असतो आणि त्याची किंमत मागच्या सीटवर भरली जाते. न्युर्बुर्गरिंगवर विक्रम करणारा ड्रायव्हर निदान गाडीत एकटा असतो.

राग आला, पण मी बोलले नाही. तेवढ्यात वाद नको म्हणून. हे माझं चुकलं.

चारला दहा कमी असताना आम्ही कुशालनगरला पोहोचलो. दादाने स्टिअरिंगवर थाप मारली. मावसभावाचा विक्रम मोडला होता. खरं तर तिथे थांबता आलं असतं. पण आता त्याला उजेडात मंदिर दाखवायचं होतं. पूल ओलांडून आम्ही वसाहतीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं, मधूनच रंगीत पताकांच्या माळा. रस्ता मोकळा होता. दादाने वेग वाढवला. काटा नव्वदला होता हे मी पाहिलं.

डाव्या बाजूच्या झाडाआडून एक म्हातारी तिबेटी बाई रस्त्यावर आली. लांब पायघोळ चुबा, समोर पट्ट्यापट्ट्यांचा एप्रन, एका हातात फिरतं प्रार्थनाचक्र. ती आमच्याकडे बघतही नव्हती.

दादाने ब्रेक दाबला. लॅपटॉप माझ्या मांडीवरून खाली गेला. आई पुढच्या सीटवर आदळली. टायरचा तो आवाज मी अजून विसरले नाही. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ती बाई यांच्यात दोन-तीन हातांचं अंतर असेल.

ती थांबली. आमच्याकडे वळली. आणि तिने हात वर करून मान लववली, आभार मानल्यासारखी. तिला वाटलं, आम्ही तिला जाऊ द्यायला थांबलो आहोत. मग ती तशीच हळूहळू पलीकडे गेली. प्रार्थनाचक्र फिरतच होतं.

गाडीत कुणीच बोललं नाही. दादाने गाडी कडेला घेतली. त्याचे हात थरथरत होते. आई खाली उतरली, त्याच्या बाजूचं दार उघडलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली. त्या रस्त्यावर आम्ही अर्धा तास तसेच होतो. मोडलेल्या विक्रमाची आठवण कुणालाच राहिली नाही.

पंचवीस मीटर

रात्री अतिथिगृहात मी तो तक्ता पुन्हा उघडला, पण हिशोब वेगळाच करत बसले. ताशी नव्वदला गाडी एका सेकंदात पंचवीस मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच पंचवीस मीटर संपले. साठला तेच सतरा मीटर. आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबायला जे अंतर लागतं ते वेगाच्या वर्गाने वाढतं. साठच्या दीडपट नव्वद, पण थांबायला अंतर लागतं सव्वादोन पट. तिथे त्या बाईने एक पाऊल आधी टाकलं असतं तर? हा प्रश्न मी पूर्ण होऊ दिला नाही.

आणि यातून वाचलं किती? तो शेवटचा रस्ता पाचेक किलोमीटरचा. साठने पाच मिनिटं, नव्वदने तीन मिनिटं वीस सेकंद. एक मिनिट चाळीस सेकंद.

न्युर्बुर्गरिंगवर पोर्शे सरासरी ताशी १८६च्या वेगाने फिरली. तरी ते त्या मानाने सुरक्षित होतं, कारण ट्रॅक रिकामा होता. तिथली माणसं साधीसुधी नाहीत, तरीही चूक झाली की काय होतं हे त्यांना माहीत आहे. श्टेफान बेलोफ या तरुण ड्रायव्हरने १९८३ मध्ये इथे पोर्शे ९५६ ही शर्यतीची गाडी ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत फिरवली होती. तो विक्रम २०१८ पर्यंत, पस्तीस वर्षं टिकला. बेलोफ मात्र दोनच वर्षांनी बेल्जियममधल्या एका शर्यतीत गेला. सत्तावीस वर्षांचा होता. २०१५ मध्ये याच नॉर्डश्लाइफेवर एक रेसिंग कार उडून कुंपणापलीकडे गेली आणि एका प्रेक्षकाचा जीव गेला. तेव्हा काही पट्ट्यांवर वेगमर्यादा आली, कंपन्यांचे विक्रम थांबले आणि ट्रॅकची दुरुस्ती झाल्यावरच ती मर्यादा उठली.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते एका वेगळ्याच गोष्टीने. वर्षातले बरेच दिवस हा ट्रॅक सामान्य लोकांसाठी उघडा असतो. पैसे भरा, आपली गाडी घेऊन या, एक फेरी मारा. त्या वेळी तो रेस ट्रॅक नसतो, एकेरी टोलरस्ता असतो आणि वाहतुकीचे नियम लागू असतात. आणि त्या फेऱ्यांमध्ये वेळ मोजायला मनाई आहे.

मी हे दोनदा वाचलं. ज्या ट्रॅकची सगळी कीर्ती सेकंदांवर उभी आहे, तिथेच दुसरी माणसं रस्त्यावर असतील तेव्हा घड्याळ लावायचं नाही. आईच्या आप्पांनी हेच सांगितलं होतं. घाट मोकळा नसेल तर गाडा जुंपायचा नाही.

आमचा पुणे-कोल्हापूर हायवे कधी मोकळा असतो?

डायरीतलं पान

त्या रात्री बाबांचा फोन आला. पहिला प्रश्न ठरलेला. "किती तासांत?" दादा म्हणाला, "पोहोचलो, बाबा," आणि फोन माझ्याकडे दिला. मी गॅलरीत गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आल्यावर माझ्या डायरीत २००९चं पान बघ."

२००९ मध्ये काकांचा अपघात झाला होता. कराडच्या पुढे गाडी उलटली, काकांच्या पायात रॉड बसला. ते आजही थोडे लंगडत चालतात. आम्हाला घरात नेहमी सांगितलं गेलं की एक ट्रक अचानक मध्ये आला. परत आल्यावर मी पान काढलं. बाबांचं वळणदार अक्षर. 'पुणे. निघालो ५.२०. पोहोचलो' आणि पुढची जागा कोरी.

"ट्रक अचानक नव्हता आला," बाबा म्हणाले. "तो त्याच्या लेनमध्येच होता. आम्ही तीन तासांच्या आत जायचं ठरवून निघालो होतो. मीच त्याला म्हणत होतो, दाब, अजून दाब."

सोळा वर्षं तीन तास दहा मिनिटांची गोष्ट आमच्या घरात पाहुण्यांना सांगितली जात होती आणि ही गोष्ट सांगितली गेली नव्हती. दादा लहानपणापासून पहिलीच ऐकत मोठा झाला. त्याला दुसरी ऐकायला मिळाली असती तर कदाचित तो दावणगेरेला थांबला असता. हा दोष मी बाबांना देत नाही. आमच्या घरात चांगला आकडा सांगायची पद्धत आहे, त्याच्या अटी सांगायची नाही. दहावीच्या टक्क्यांपासून पगारापर्यंत सगळीकडे तेच. अमक्याच्या मुलीला इतके टक्के. त्या वर्षी तिच्या घरी काय चाललं होतं, शिकवणी होती की नव्हती, कोण पाणी न पिता मागे बसलं होतं, ते कुणी विचारत नाही.

कोरा

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालत मठाकडे गेलो. मंदिरात पद्मसंभव, बुद्ध आणि अमितायुस यांच्या प्रचंड सोनेरी मूर्ती आहेत. आई हात जोडून खूप वेळ उभी राहिली. बाहेर म्हातारी माणसं मठाला प्रदक्षिणा घालत होती. हातात माळ, ओठांवर मंत्र, उजवी बाजू मठाकडे. तिबेटी लोक या प्रदक्षिणेला 'कोरा' म्हणतात. त्यात कालची आजी असेल का म्हणून दादा प्रत्येक चेहरा बघत होता. ती दिसली नाही. मग तोही आईबरोबर त्या रांगेत चालायला लागला.

मी बाकावर बसून लेख पूर्ण केला. तक्त्यात मी दोन रकाने वाढवले: मोजलेलं अंतर आणि त्या दिवशीची परिस्थिती. ज्यांचं काम होतं त्यांचा निरोप आला, मोबाइलवर इतके रकाने मावत नाहीत, फक्त गाडी आणि वेळ ठेवा. मी उत्तर दिलं की मग दोन गाड्यांची तुलना चुकीची होईल. शेवटी अंतराचा रकाना राहिला, परिस्थितीचा गेला. तेवढं तरी राहिलं.

परतताना आम्ही सकाळी सहाला निघालो. हासनच्या आधी चहा. मग एका शेताच्या कडेला उगाचच. दावणगेरेला लोण्याचा डोसा, आईने दोन खाल्ले. तिने पाण्याची बाटली दोनदा भरून घेतली. वेग कमी होता आणि दादाचा मोबाइल डॅशबोर्डवर उलटा ठेवलेला होता, पोहोचायची वेळ दिसू नये म्हणून.

घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजून गेले होते. बाबा दारातच उभे होते. सवयीने त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, तिथून ती परत आली आणि त्यांनी आईला विचारलं, "किती वेळा थांबलात?"

"सहा वेळा," आई म्हणाली. इतक्या ताठ मानेने की जणू घाटच मारून आली होती.